भावाचा आजार, त्याची नोकरी आणि तुमचा हातभार

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: धाकटा भाऊ चौतीस वर्षांचा आहे आणि एकटा राहतो. काही वर्षांपूर्वी त्याला बायपोलर डिसऑर्डरचं, म्हणजे मन कधी खोल उदासीत तर कधी अतिउत्साहात जाण्याच्या आजाराचं, निदान झालं. औषधं चालू आहेत, पण मधूनमधून चुकतात. गेले काही महिने ऑफिसला उशीर होतोय, न कळवता दांड्या होतायत, कामं अर्धवट राहतायत. आता गैरहजेरीबद्दल लेखी खुलासा मागणारं पत्र आलंय आणि ते त्याने वाचून कपाटात ठेवून दिलंय. "राजीनामाच देतो, एकदाचा सुटतो" असं तो म्हणतो. तुम्ही मोठी बहीण. त्याच्या मॅनेजरला परस्पर फोन करून सगळं सांगावं, की त्याला राजीनामा देऊ द्यावा आणि आपल्या घरी आणावं, असं तुम्ही विचारताय.

मानसिक आजारातून सावरणाऱ्या माणसांसोबत त्यांच्या नोकरीच्या प्रश्नांवर मी बरीच वर्षं काम करते आहे. माझं उत्तर: दोन्ही नको. परस्पर फोन करू नका आणि त्याला आत्ता राजीनामा देऊ देऊ नका. तुमची खरी गरज तिसऱ्याच ठिकाणी आहे. त्याच्या कामाचा नेमका कोणता भाग आजारामुळे अडलाय हे त्याच्यासोबत बसून शोधायचं, आणि तेवढ्याच भागावर डॉक्टर, ऑफिस आणि घर यांची मदत लावायची.

त्याआधी एक गोष्ट, आणि ती आजच. "सुटतो एकदाचा" हे तो नोकरीबद्दलच बोलतोय ना, याची खात्री करून घ्या. आडून विचारू नका. "तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतात का?" असं सरळ विचारा. विचारल्याने ते विचार डोक्यात शिरतात ही भीती निराधार आहे. उलट विचारणारं कुणी भेटलं की बहुतेकांना हायसं वाटतं. बायपोलरमध्ये आत्महत्येचा धोका इतरांपेक्षा कितीतरी जास्त असतो, आणि नोकरी जाण्याची टांगती तलवार हा काळ तर विशेष नाजूक. उत्तर "हो" आलं, किंवा "नाही" म्हणताना तो नजर चुकवतोय असं वाटलं, तर खालचं सगळं नंतर वाचा. त्याला एकटं ठेवू नका, साठवलेल्या गोळ्या त्याच्या हाताशी राहू देऊ नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. डॉक्टर मिळत नसतील तर सरळ हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत न्या.

तसं काही नसेल तर आधी कपाटातलं ते पत्र बाहेर काढा. अशा पत्राला मुदत असते आणि ती उलटून गेली की गप्प बसणं हीच कबुली धरली जाऊ शकते. आजारी माणसाला ते पत्र म्हणजे आपण नालायक असल्याचा पुरावा वाटतो. म्हणून तो ते झाकून ठेवतो, टाळाटाळ म्हणून नव्हे. तुम्ही शेजारी बसा आणि दोनच गोष्टी शोधा: उत्तर कधीपर्यंत द्यायचंय आणि कुणाला द्यायचंय. सविस्तर खुलासा त्या दिवशी लिहायची गरज नाही. मुदत जवळ आली असेल तर एवढी मेल पुरते: "आपलं पत्र मिळालं. मी सध्या वैद्यकीय उपचार घेत आहे. डॉक्टरांचं पत्र जोडून सविस्तर खुलासा देण्यासाठी मला दहा दिवसांची मुदत द्यावी." मेल त्याच्या नावाने, त्याच्याच खात्यातून जाऊ दे. टाइप तुम्ही केली तरी चालेल, पण पाठवायचं बटण त्याने दाबावं. ही बारीक गोष्ट वाटेल. पण "माझं मी उत्तर दिलं" ही जाणीव त्याला पुढच्या पायरीवर उपयोगी पडते.

आता तो मॅनेजरला करायचा फोन. तुमच्या मनात काळजी आहे हे समजतं. पण आजाराची माहिती त्याची आहे. एकदा ऑफिसात पोचली की ती परत घेता येत नाही, आणि ती किती जणांच्या तोंडी जाईल यावर कुणाचाच ताबा राहत नाही. दुसरं म्हणजे, चौतीस वर्षांच्या माणसाची बाजू त्याची बहीण मांडते आहे म्हटल्यावर मॅनेजरच्या मनात "याला स्वतःचं काही सांभाळता येत नाही" हेच ठसतं. जे टाळायचं तेच घडतं. आणि तिसरं, भावाला कळलं की तो तुमच्यापासूनही लपवायला लागेल. याला एकच अपवाद: तो हॉस्पिटलात भरती असेल किंवा बोलण्याच्या अवस्थेतच नसेल, तर "तो आजारी आहे, आज येऊ शकणार नाही, डॉक्टरांचं प्रमाणपत्र पाठवतो" एवढंच कळवा. आजाराचं नाव तेव्हाही नको.

राजीनाम्याबद्दल मी जरा कडक आहे. उदासीच्या फेऱ्यात माणसाला वाटतं की आपण सगळ्यांना भार झालोय, नोकरी सोडली की निदान ऑफिसची तरी सुटका होईल. उत्साहाच्या, म्हणजे मेनियाच्या फेऱ्यात वाटतं की ही नोकरी आपल्या लायकीचीच नाही, उद्यापासून स्वतःचा धंदा. दोन्ही वेळा राजीनामा त्याच्या हातून आजार लिहून घेत असतो. शिवाय नोकरीसोबत बऱ्याचदा आरोग्य विमा, पगारी रजा, कधी कधी राहण्याची सोयही जाते, आणि उपचारांची गरज तर आत्ताच सर्वात जास्त आहे. त्याला म्हणा, "राजीनामा द्यायचा हक्क तुझाच आहे. फक्त नीट झोप लागायला लागून काही आठवडे झाले, डॉक्टरांशी बोलणं झालं, की मग ठरव. तेव्हाही द्यावासा वाटला तर मी तुझ्यासोबत बसून लिहीन." नकार देण्यापेक्षा निर्णय पुढे ढकलणं त्याला पटायला सोपं जातं.

"आधी पूर्ण बरा हो, मग नोकरीचं बघू" असं घरातले मोठे म्हणतील. माझा अनुभव याच्या उलट आहे, आणि संशोधनही उलटच सांगतं. अमेरिकेत डार्टमथ इथे डेबोरा बेकर आणि रॉबर्ट ड्रेक यांनी १९९० च्या दशकात गंभीर मानसिक आजार असलेल्यांसाठी एक पद्धत बसवली. त्यात आधी वर्षानुवर्षं प्रशिक्षण न देता माणसाला थेट खऱ्या नोकरीत आणायचं आणि मदत तिथे पोचवायची, असं सूत्र होतं. या पद्धतीच्या ११ चाचण्यांचा एकत्र आढावा २००८ साली आला. या पद्धतीने मदत मिळालेल्यांपैकी सरासरी ६१ टक्के लोक कुणालाही मिळू शकेल अशा नेहमीच्या पगारी नोकरीत गेले. नेहमीच्या पद्धतींनी गेले ते २३ टक्के. तुमच्या भावाकडे नोकरी आहेच. ती सोडून नव्याने शोधण्यापेक्षा आहे ती टिकवणं पुष्कळ सोपं.

बायपोलरमध्ये कामाचं आणखी एक महत्त्व आहे. अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या मानसशास्त्रज्ञ एलन फ्रँक यांनी या आजारासाठी दिनक्रमावर आधारलेली उपचारपद्धती विकसित केली. त्यात रोजच्या पाच वेळा टिपायला सांगतात: अंथरुणातून उठलो कधी, दिवसात पहिल्यांदा दुसऱ्या माणसाशी बोललो कधी, काम सुरू केलं कधी, रात्री जेवलो कधी, झोपायला गेलो कधी. या पाच वेळा रोज साधारण त्याच राहिल्या की मूडला आधार मिळतो. नोकरी गेली की यातली एक वेळ तर थेट जाते, आणि एकट्या माणसाच्या बाबतीत तिच्यामागोमाग बाकीच्याही घसरतात. म्हणून त्याला रजेवर जावं लागलं तरी या पाच वेळा सोडू नका. काम नसेल त्या दिवसांत "काम सुरू केलं" च्या जागी काहीही ठरलेलं चालतं: वाचनालय, फिरणं, एखादं शिक्षण. मात्र वेळ तीच.

आता मूळ मुद्दा, नेमकं अडतं कुठे. "ऑफिसला का जात नाहीस?" या प्रश्नाला तो "काय माहीत" म्हणेल, आणि ते खरंच असेल. मी विचारते ते असं: "काल सकाळी डोळे उघडल्यापासून ऑफिसच्या खुर्चीत बसेपर्यंत एकेक गोष्ट सांग." मग ती जागा सापडते. कुणाचं गाडं अंथरुणातच अडतं, कुणाचं अंघोळीपाशी, कुणी तयार होऊन दारापर्यंत येतो आणि कुलूप हातात घेऊन परत फिरतो. कुणी ऑफिसात पोचतो, पण मेल उघडायची हिंमत होत नाही. या चौघांना लागणारी मदत चार तऱ्हेची आहे. सगळ्यांना "जरा मनावर घे" सांगून काहीच हलत नाही.

याचं एक उदाहरण देते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. हिशेबाचं काम करणारे एक गृहस्थ होते. रोजचा लेट मार्क, मॅनेजर वैतागलेला, घरचे म्हणत आळशीपणा. आम्ही त्यांच्या हजेरीचा तक्ता आणि गोळ्या घेण्याच्या वेळा शेजारी शेजारी ठेवल्या. झोप आणणारी गोळी ते अंथरुणावर पडताना घेत, आणि पडायला मध्यरात्र उलटून जाई. त्या गोळीची गुंगी दुसऱ्या दिवशी सकाळभर रेंगाळायची. लवकर झोपलेल्या दिवशी लेट मार्क नव्हता. हा कागद घेऊन ते डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी गोळीची वेळ संध्याकाळी अलीकडे आणली, आणि ऑफिसने कामाची सुरुवात एक तास उशिरा करायची मुभा दिली. महिनाभर उपदेश करून जे झालं नसतं ते एका कागदाने झालं. मात्र हा बदल डॉक्टरांनी केला, हे लक्षात ठेवा. वेळ किंवा मात्रा घरच्या घरी बदलायची नाही, आणि लिथियमसारखं मूड स्थिर ठेवणारं औषध अचानक बंद करणं तर धोक्याचंच. त्याने मेनिया परत येऊ शकतो.

मेलचा साचलेला ढीग हे अडण्याचं दुसरं मोठं ठिकाण. काही दिवस दांडी झाली की शेकडो मेल पडतात, आणि त्यातल्या एखाद्यात आपला अपमान दडलाय असं वाटून माणूस खातंच उघडत नाही. यावर उपाय म्हणजे तुम्ही शेजारी बसा, वीस मिनिटांचा गजर लावा. पहिल्या दिवशी एकही मेल उघडायची नाही, फक्त विषय वाचायचे आणि ज्यांना उत्तर लागेल त्यांना खूण करायची. गजर वाजला की बंद. दुसऱ्या दिवशी खुणेच्यातल्या तीन. ऑफिसच्या गोपनीय कामात डोकावायचं नाही, म्हणून तुम्ही स्क्रीनकडे न बघता नुसतं तिथे बसलात तरी पुरतं. सोबतीचा उपयोग होतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय.

डॉक्टरांबाबत अनेकांची एक तक्रार असते: "ते आम्हाला काही सांगतच नाहीत." पेशंटच्या परवानगीशिवाय त्यांनी सांगू नयेच. पण तुमचं ऐकून घ्यायला त्यांना कुणाची आडकाठी नसते. भावाला आधी सांगून, त्याच्या देखत, एका पानावर लिहून द्या: झोप किती तास, गोळ्या कितीदा चुकल्या, पैशांचा खर्च अचानक वाढला का, हात थरथरतात का, सकाळी गुंगी किती वाजेपर्यंत राहते, ऑफिसात काय अडतं. दहा मिनिटांच्या भेटीत हे पान फार कामाचं ठरतं. तो तयार असेल तर पुढच्या वेळी त्याच्यासोबत आत जा.

आणि डॉक्टरांकडून ऑफिससाठी पत्र घ्या. इथे बहुतेक कुटुंबांची गल्लत होते. "अमुक आजार आहे, विश्रांतीची गरज आहे" असं पत्र आणलं की ऑफिसला त्याचं काय करायचं ते कळत नाही. मॅनेजरला आजाराचं नाव कळून उपयोग नसतो. त्याला हवं असतं ते असं: हा माणूस काय करू शकतो, काय सध्या करू शकत नाही, किती काळ, आणि आम्ही काय बदलायचं. म्हणून डॉक्टरांना विनंती करा की पत्रात साधारण असं लिहावं: "हे माझ्या उपचाराखाली आहेत. त्यांची प्रकृती सुधारत असून ते आपलं काम करण्यास सक्षम आहेत. पुढील तीन महिने त्यांना रात्रपाळी देऊ नये, कामाची सुरुवात तासभर उशिरा असावी, आणि दर काही आठवड्यांनी सकाळी तपासणीसाठी दोन तासांची सवलत असावी. तीन महिन्यांनी पुन्हा आढावा घ्यावा." यात निदान नाही, तरी सगळं आहे. सकाळच्या तपासणीचा उल्लेख मुद्दाम केलाय: लिथियम चालू असेल तर रक्तातली पातळी शेवटच्या गोळीनंतर साधारण १२ तासांनी मोजतात, म्हणजे रात्रीच्या गोळीनंतर सकाळीच जावं लागतं. हे ऑफिसला आधी कळलेलं असलं की ती दांडी ठरत नाही. रात्रपाळीचं तर सर्वात आधी बोला. झोप मोडणं हे मेनियाचं ओळखीचं निमित्त आहे.

आजाराचं नाव सांगायचं की नाही हा निर्णय त्याचा. माझं मत विचाराल तर: जेवढ्याने सवलत मिळते तेवढंच सांगावं, ज्याच्या हातात सवलत देणं आहे त्यालाच सांगावं, आणि बोलणं झालं की त्याच दिवशी दोन ओळींची मेल टाकून ठेवावी, "आज आपलं असं ठरलं" म्हणून. काही ठिकाणी कायद्याचं संरक्षण मिळवायला निदान उघड करावं लागतं. तेव्हा ते एचआरकडे लेखी द्यावं आणि कोण कोण पाहणार ते विचारून घ्यावं. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार १३ डिसेंबर २००६ रोजी संमत झाला. त्याच्या २७ व्या कलमात कामाच्या ठिकाणी वाजवी सोयीसवलती देण्याची जबाबदारी सांगितलेली आहे, आणि दीर्घकाळ चालणारे मानसिक आजारही त्या कराराच्या कक्षेत येतात. जगातल्या बहुतेक देशांनी तो मान्य केलाय, पण प्रत्यक्ष नियम देशोदेशी आणि खाजगी-सरकारी नोकरीप्रमाणे बदलतात. म्हणून सविस्तर खुलासा पाठवण्याआधी कामगार कायदा जाणणाऱ्या वकिलाला किंवा युनियन असेल तर तिथल्या माणसाला एकदा दाखवून घ्या. आणि ऑफिसात बोलावून "इथे सही करा" म्हटलं तर "वाचून उद्या देतो" म्हणायचा त्याला पूर्ण हक्क आहे, हे त्याच्याकडून दोनदा म्हणवून घ्या. ऐन वेळी हे वाक्य सुचत नाही.

रजा घ्यावीच लागली तर परत रुजू व्हायचा दिवस शक्यतो बुधवार किंवा गुरुवार धरावा. सोमवारी रुजू झालं की पुढचा पूर्ण आठवडा अंगावर येतो. आठवड्याच्या मधे गेलं की लगेच सुट्टी दिसते. पहिले काही दिवस अर्धा वेळ मिळाला तर उत्तम. सहकारी विचारणारच, तेव्हा एक वाक्य आधीच पाठ असू दे: "तब्येत बरी नव्हती, आता सुधारतेय, विचारलंस बरं वाटलं." एवढं बोलून कामाचा विषय काढायचा.

त्याला तुमच्या घरी आणायचं का? थोड्या दिवसांसाठी, त्याला हवं असेल तर, जरूर. पण इथे एक जुनं संशोधन सांगायला हवं. लंडनमध्ये समाजशास्त्रज्ञ जॉर्ज ब्राऊन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० च्या दशकापासून पाहिलं की हॉस्पिटलातून घरी गेलेल्या काही पेशंटांचा आजार लवकर उलटतो, आणि त्याचा संबंध घरातल्या बोलण्याशी आहे. सतत टीका, राग, आणि तिसरं म्हणजे अतिकाळजी, अशा घरांत आजार उलटण्याचं प्रमाण जास्त होतं. त्यातही आठवड्याला ३५ तासांपेक्षा जास्त काळ समोरासमोर असणाऱ्यांत विशेष. सुरुवातीचा अभ्यास स्किझोफ्रेनियावर होता. पुढे उदासी आणि बायपोलरमध्येही तसंच दिसलं. याचा अर्थ कुटुंबामुळे आजार होतो असा मुळीच नाही. तुमच्यासारखी जीव लावणारी बहीण दिवसातून दहा वेळा "गोळी घेतलीस का" विचारते तेव्हा तिचा हेतू प्रेमाचाच असतो. त्याला मात्र पहारा वाटतो. त्यापेक्षा दोघांनी मिळून एक वेळ ठरवा. संध्याकाळी एकच मेसेज, त्याने फक्त "हो" लिहायचं. आला नाही तर तुम्ही फोन करायचा, एवढं आधीच मान्य असू दे. बाकी दिवसभर त्याच्याशी क्रिकेटवर बोला, भाचरांवर बोला.

तो जरा स्थिर झाला की बरं असतानाचा करार लिहून ठेवा. माझ्या दृष्टीने दीर्घकाळाच्या उपयोगाचं याहून मोठं काम नाही. एका पानावर, त्याच्या हस्ताक्षरात: माझी तब्येत बिघडायला लागली की आधी काय दिसतं (बहुतेकांत झोप कमी होते, बोलण्याचा वेग वाढतो, रात्री मेल लिहिल्या जातात), ते दिसलं तर ताईने मला कोणत्या शब्दांत सांगावं, डॉक्टरांना फोन कोणी करायचा, ऑफिसात कळवायची वेळ आली तर कोणाला आणि काय. आणि त्यात एक नियम असा की रात्री लिहिलेली ऑफिसची कोणतीही मेल दोन झोपा झाल्याशिवाय पाठवायची नाही. पैशांचंही त्यातच: ठराविक रकमेच्या वरचा खर्च ताईशी बोलून. आजाराच्या भरात हे त्याच्यावर लादलं तर तो चिडेल. स्वतः लिहिलेलं असलं की "तूच लिहिलंयस" एवढं म्हणता येतं.

तुमच्याबद्दल थोडंच सांगते, कारण तुम्ही ते विचारलं नाहीत. तुमचीही नोकरी आहे, घर आहे. ही जबाबदारी एकटीने घेऊ नका. दुसऱ्या भावंडाला, एखाद्या चुलत भावाला, भावाच्या एका विश्वासू मित्राला, त्याच्या परवानगीने, एकेक ठरलेलं काम द्या: कोणी तपासणीला सोबत, कोणी रविवारी भेट. त्याचे थकलेले हप्ते तुम्ही गुपचूप भरत असाल तर तेही त्याच्यासमोर कागदावर मांडा.

इतकं करूनही नोकरी जाऊ शकते. तसं दिसायला लागलं तर भांडण विकोपाला जाण्याआधी वाटाघाटी करता येतात. काढून टाकल्याच्या शेऱ्यापेक्षा सामोपचाराने बाहेर पडणं, अनुभवाचं प्रमाणपत्र, उरलेल्या रजेचे पैसे, विमा आणखी काही महिने चालू राहील का याची लेखी विचारणा. सही करण्याआधी हे सगळं वकिलाकडून बघून घ्या. पुढच्या मुलाखतीत मधल्या काळाबद्दल विचारलं तर "प्रकृतीच्या कारणाने थांबलो होतो, आता कामाला तयार आहे" एवढं उत्तर खरंही आहे आणि पुरेसंही. तूर्त मात्र खुलाशाची मुदत बघा आणि डॉक्टरांची या आठवड्यातली वेळ घ्या.